'त्रास' म्हण की!

मराठी माणूस दिवसातून किती वेळा मारतो, हे कधी मोजून पाहिलंय? आपण हाक मारतो, गप्पा मारतो, कॅम्पात एक चक्कर मारतो, खूप दिवसांनी मैत्रीण भेटली की मिठी मारतो. लेक्चरला दांडी मारतो आणि पकडले गेलो की थापा मारतो. ऑफिसात शिक्का मारतात, शेतात फवारा मारतात, अंगणात झाडू मारतात. एवढं मारूनही कुणाला साधं खरचटत नाही. 'जीव' या शब्दाचंही तेच. आजी नातवंडांवर जीव टाकते, आपण कुत्र्याच्या पिल्लाला जीव लावतो, थंडी तर बेळगावात दर डिसेंबरात मरणाची असते. एखाद्या परक्यानं शब्दकोश हातात धरून हे एकेक शब्द वाचले, तर या लोकांच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत मारामाऱ्याच चालतात असं त्याला वाटेल. माणूस असेल तर तो निदान विचारेल, "अहो, हे काय चाललंय?" वाचणारं यंत्र असेल तर ते विचारत नाही. ते सरळ गोष्ट कपाटात टाकतं आणि कपाटाला कुलूप लावतं.

माझ्या एका गोष्टीचं असंच काहीसं झालं. त्यावर मला लिहायचंय. पण तक्रार म्हणून नाही. तक्रार करायची तेवढी करून झाली आहे. त्या सगळ्या प्रकारात मला एक गोष्ट उमगली, ती साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आपापसात बोलण्यासारखी आहे, म्हणून इथे मांडते.

आधी हा गोष्टींचा प्रकार सांगते, कारण आपल्या मंडळात अनेकांनी तो वाचलेला नाही. इंटरॅक्टिव्ह गोष्टीत वाचक नुसता वाचत नाही, मध्ये मध्ये निर्णय घेतो. दार उघडायचं की नाही, पत्र वाचायचं की जाळायचं, असे दोन पर्याय समोर येतात आणि जो निवडाल तिकडे गोष्ट वळते. कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९७९ पासून 'चूज युवर ओन अ‍ॅडव्हेंचर' नावाची पुस्तकमालाच निघाली होती. वाचक म्हणजे 'तू', आणि पुढच्या कोणत्या पानावर जायचं ते 'तू' ठरवायचं. आता तेच मोबाइलवर आलंय. लिहिणाऱ्याला मात्र गणित सांभाळावं लागतं. प्रत्येक वळणावर दोनच वाटा दिल्या तरी तीन वळणांत आठ वाटा होतात आणि दहा वळणांत हजारावर. म्हणून लेखक वाटा फोडतो आणि पुढे कुठेतरी गुपचूप जोडतो. ओढ्यासारखं. वाचकाला वाटतं आपणच वाट काढतोय, पण काठ लेखकाने बांधलेले असतात.

गेल्या वर्षी मी अशाच एका अ‍ॅपवर मराठीत गोष्ट लिहिली. अकरा वळणं, चार शेवट. चंदगडकडचं एक ख्रिस्ती घर. थोरली बहीण लग्न होऊन शहरात गेलेली. दोन वर्षांनी फेस्ताला माहेरी येते, तीही मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून. वाचक म्हणजे धाकटी बहीण. पहिलंच वळण एवढंसं: बाह्यांबद्दल विचारायचं, की पाट्यावर मसाला वाटत गप्प बसायचं? गप्प बसलात तरी गोष्ट संपत नाही, पुढे आणखी वळणं येतात. आई आहे, वडील आहेत, फादर आहेत, शेजारची एक बाई आहे जिला सगळं कळलंय पण जी काहीच बोलत नाही. एका शेवटात धाकटी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर फिरवते. एका शेवटात थोरली परत सासरी जाते आणि धाकटी बसच्या मागच्या काचेकडे बघत उभी राहते. वाचकांपैकी बरेचजण पहिल्या खेपेला याच शेवटाला पोचले.

ही कुणा एका घरची गोष्ट नाही. चार घरांतलं ऐकलेलं-बघितलेलं मिळून केलेली आहे. म्हणूनच मी ती टोपणनावानं लिहिली. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर कोणी मला, "ती गोष्ट आमच्यावरच लिहिलीस की गं," असं म्हणायला नको होतं. गोष्ट दिसावी, मी दिसू नये, एवढीच माझी अपेक्षा होती. तशी सोय अ‍ॅपवर आहेच. तिथे लेखकाचं नाव मुखपृष्ठाखाली बारीक अक्षरात येतं आणि मोठ्या अक्षरात येतो तो वाचक, 'तू'. मला ते आवडायचंही. मात्र गोष्ट कुणाला दिसणार हे अ‍ॅप ठरवतं. किती जणांनी उघडली, कितीजण शेवटपर्यंत गेले, लेखक दर आठवड्याला नवा भाग टाकतो की नाही, अशा हिशेबावर ती पहिल्या पडद्यावर येते किंवा तळाला जाते. मराठीचा कप्पा छोटा, त्यामुळे माझी गोष्ट काही आठवडे बऱ्यापैकी वर होती.

त्या काळात एका मुलीचा निरोप आला. नाव खरं होतं की टोपण, माहीत नाही. तिनं लिहिलं होतं, "मी चारही शेवट वाचले. माझ्या ताईला तिसरा शेवट वाचायला देणार आहे. ती रविवारी येणार आहे." एवढंच. तिसरा शेवट म्हणजे १८१ चा. मी तो निरोप किती वेळा वाचला, सांगत नाही.

नंतरच्या सोमवारी तिचा दुसरा निरोप आला. "गोष्ट सापडत नाही. काढलीत का?"

मी उघडून बघितली. गोष्ट जागेवर होती. मुखपृष्ठ, अकरा वळणं, सगळं. तिला तसं कळवलं. तिचं उत्तर, "नाही ओ, नावाने शोधलं तरी येत नाही." मग मी वसईच्या मावसबहिणीला शोधायला लावलं. तिलाही नाही. खोलीतल्या मैत्रिणीच्या फोनवर बघितलं, तिथेही नाही. फक्त माझ्या फोनवर, माझ्या खात्यात, गोष्ट छान दिसत होती. घरात एकच माणूस असावा आणि त्यानं आरशात बघून घर भरलंय असं समजावं, तसं. कुणी मला काही कळवलं नव्हतं. गोष्ट काढलेलीच नव्हती ना. तिच्यावरचा दिवा तेवढा बंद केला होता.

मी मदत केंद्राला लिहिलं. दोन दिवसांनी इंग्रजीत उत्तर आलं, खाली सही 'टीम'. गोष्टीतला मजकूर हिंसा आणि स्वतःला इजा करून घेणं यांसंबंधीच्या नियमांत बसत नाही, म्हणून तिची 'दृश्यता मर्यादित' केली आहे. मजकूर बदलून पुन्हा पाठवता येईल. कोणतं वाक्य? कोणता भाग? कुणी वाचलं, माणसानं की यंत्रानं? मराठी येणाऱ्या माणसानं? याचं उत्तर दुसऱ्या मेललाही आलं नाही, तिसऱ्यालाही नाही. तिन्ही मेलमधले शब्द तेच होते, फक्त तारीख बदललेली.

मग मी एक उद्योग केला, जो कुणीही साहित्याचा विद्यार्थी करेल. गोष्टीची प्रत घेतली आणि 'मारणे', 'मरणे' आणि 'जीव' शोधत गेले. मोजले तर एकूण त्रेचाळीस. धाकटी हाक मारत होती, शेजारीण गप्पा मारायला येत होती, वडील सुपारीला चुना मारत होते, आईचा मेलीवर जीव होता (आमच्याकडे लाडाची पोर 'मेली'च असते). मी एकेक बदलायला घेतलं. 'हाक मारली'चं 'बोलावलं' केलं. 'गप्पा मारत बसल्या'चं 'बोलत बसल्या'. 'मिठी मारली'चं 'जवळ घेतलं'. प्रत्येक बदल केला की पुन्हा पाठवायची आणि वाट बघायची. गोष्ट पांढरी पडत चालली होती. चंदगडच्या बायका हळूहळू आकाशवाणीवरच्या निवेदिकेसारख्या बोलायला लागल्या. नेमक्या कोणत्या शब्दाला कात्री लागत होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि हीच खरी गंमत आहे. कुठला शब्द नको हे कळत नसलं की माणूस सगळेच शब्द टाळायला लागतो.

बेचाळीस बदलून झाले. एक उरला.

त्या एका वाक्यासाठी सगळी गोष्ट लिहिलेली होती. सातव्या वळणावर, धाकटीनं योग्य तेच विचारत आणलं असेल तर, थोरली म्हणते, "त्यानं मला मारलं." तीन शब्दांपुढे काही नाही. त्याच्याआधी सहा वळणं ती हे वाक्य बोलत नाही. वाचकाला ते तिच्याकडून काढावं लागतं.

याच्या जागी काय लिहू? हा विचार करत असताना मला पर्यायी शब्द आपोआप सुचला: "त्याचा मला त्रास होतो." व्याकरण ठीक, अर्थ जवळपास तोच, कुठल्याही यंत्राला हरकत नसावी. आणि मी थांबले. कारण हा शब्द मला सुचलेला नव्हताच. तो गोष्टीत आधीपासून होता. आईच्या तोंडी. तिसऱ्या वळणावर आई म्हणते, "त्रास असतो गं थोडा सुरुवातीला, होईल की सगळं बरोबर." आणि खऱ्या चार घरांतही, ज्यांच्यावरून मी ही गोष्ट केली, हाच शब्द होता. तिला सासरी जरा त्रास आहे. नवऱ्याचा स्वभाव तापट, त्यामुळे त्रास होतो. एका घरात तर मुलगी खरं वाक्य बोलायला लागली तेव्हा तिच्या आत्यानं आवाज खाली आणून सांगितलं होतं, "अगं, असं नको बोलू चारचौघांत. त्रास म्हण की!"

म्हणजे अ‍ॅपला जे हवं होतं, तेच घरालाही हवं होतं. गोष्ट पूर्ण दाबायची नाही. मुलीला माहेरी येऊ द्यायचं, जेवू घालायचं, फेस्ताला नवी साडी घ्यायची. फक्त ते क्रियापद तेवढं बदलायचं. आपल्या घरांत मॉडरेशन मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याचं नाव अब्रू.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांत नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्यांचं प्रमाण देशात २९ टक्क्यांच्या आसपास निघालं आणि आपल्या कर्नाटकात ४४ टक्क्यांच्या वर. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला जास्त लागतो. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. चौघींतल्या तिघी. म्हणजे ते तीन शब्दांचं वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा बोललंच जात नाही. ते गोष्टीत तरी बोललं जावं, एवढ्यासाठी मी अकरा वळणं लिहिली होती.

आता दुसरी बाजू. मला ती टाळायची नाही. चाळणी नकोच, असं मी म्हणणार नाही. अशा अ‍ॅपवर बारा-तेरा वर्षांची मुलं येतात, आणि वाईट हेतूनं लिहिणारेही येतात. याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. 'एआय डंजन' नावाच्या खेळात वाचक एक वाक्य लिहितो आणि कृत्रिम बुद्धिमत्ता पुढची गोष्ट रचते. २०२१ च्या एप्रिलमध्ये तिथे एक नवी चाळणी बसवली गेली, कारण काही लोक लहान मुलांविषयीचा लैंगिक मजकूर त्या यंत्राकडून लिहून घेत होते. असा मजकूर रोखायलाच हवा, यावर वाद नाही. पण ती चाळणी अशी बसली की 'आठ वर्षांचा लॅपटॉप' असा साधा उल्लेखसुद्धा अडकतो, हे वापरणाऱ्यांनी दाखवून दिलं. शिवाय अडकलेल्या खासगी गोष्टी कंपनीची माणसं वाचू शकतात हे कळल्यावर लोक आणखी चिडले. हेतू बरोबर, आणि तरी वाचायला न शिकलेलं यंत्र. इंग्रजीत ही स्थिती, तर आमच्या 'मेली'ची काय कथा?

आणि यंत्राच्या पाठीमागे जी माणसं दिवसभर हे सगळं बघत बसतात, त्यांच्याबद्दलही मला राग नाही. अमेरिकेत फेसबुकचं असं काम करणाऱ्यांनी, हे बघून बघून आमच्या मनावर परिणाम झाला म्हणून दावा लावला, आणि २०२० मध्ये कंपनीनं ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. त्या 'टीम'मधलं कुणी माझी गोष्ट खरंच उघडली असेल, तर तोही कदाचित दिवसाची शंभरावी फाइल बघणारा, मराठी न येणारा, माझ्याच वयाचा मुलगा असेल. मला त्याचं नाव नको. मला फक्त त्यानं काय वाचलं, ते हवं होतं.

इथे मला आमच्या घरातल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांची आठवण होते. कॅथलिक घरांत ती असतातच. पहिलं पान उलटलं की मागे बारीक अक्षरात दोन लॅटिन शब्दप्रयोग दिसतात: 'निहिल ऑब्स्टॅट' आणि 'इम्प्रिमातुर'. पहिल्याचा अर्थ हरकत नाही, दुसऱ्याचा अर्थ छापावं. लहानपणी मला ती लेखकाची नावं वाटायची. पण ती तपासणाऱ्यांची असतात. आधी मजकूर तपासणाऱ्या पाद्र्याचं नाव, मग बिशपचं. चर्चच्या सेन्सॉरशिपचा इतिहास काही गोड नाही. बंदी घातलेल्या पुस्तकांची रोमची यादी १५५९ साली निघाली आणि १९६६ पर्यंत टिकली. गॅलिलिओचा ग्रंथ त्या यादीतून बाहेर यायला १८३५ उजाडलं. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनी मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये राचोलला छापून निघालं, तेसुद्धा धर्मसत्तेच्या परवानग्या घेऊनच. मला त्या काळात परत जायचं नाही. एकविसाव्या वर्षी कौटुंबिक हिंसेवर गोष्ट लिहिणाऱ्या मुलीला तर तिथे मुळीच जागा नसती. पण एक फरक आहे. ती यादी छापलेली होती. कुणाचं पुस्तक अडवलं ते सगळ्यांना दिसत होतं, आणि हरकत नाही म्हणणारा आपलं नाव खाली लिहीत होता.

अडवणारा दिसला की त्याच्याशी भांडता येतं. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आलं, तेव्हा परिनिरीक्षण मंडळानं ते अडवलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. त्या लढ्यावर त्यांनी 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक लिहिलं. मंडळ होतं, आक्षेप कागदावर होते, म्हणून कोर्टात उभं राहता आलं. आणीबाणी लागली तेव्हा, २८ जून १९७५ ला, 'इंडियन एक्सप्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी ठेवली होती. त्या कोऱ्या जागेनं वाचकांना सगळं सांगितलं. माझ्या गोष्टीची कोरी जागासुद्धा राहिली नाही. शोधणाऱ्याला वाटतं अशी गोष्ट नव्हतीच, आणि लिहिणारीला वाटतं गोष्ट आहे पण कुणी वाचत नाही. आपलं लिखाणच पडलं, असं समजून किती मुलामुलींनी लिहायचं सोडलं असेल! मला तो एक निरोप आला नसता तर मीही तेच समजले असते.

यावर कायदा काही म्हणतो का, तेही मी बघितलं. आपल्याकडे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांनुसार अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यावी लागते आणि निकाल ठरावीक मुदतीत. ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनी स्वतःहून मजकूर काढला किंवा बंद केला तर त्याआधी कारण कळवायचं आणि बाजू मांडायची संधी द्यायची, असंही त्यात आहे. पण मजकूर काढलेला नाही, नुसता अंधारात ठेवलाय, त्याचं काय? युरोपियन युनियनचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यात मात्र स्पष्ट आहे: मजकुराची दृश्यता कमी केली, तो यादीत खाली ढकलला, तरी लेखकाला कारण द्यावं लागतं, आणि तो निर्णय यंत्रानं घेतला असेल तर तेही सांगावं लागतं. आपल्याकडेही हा एवढा भाग आला तरी पुष्कळ होईल. दोन ओळी पुरेत. अमुक वाक्य, अमुक नियम, वाचणारा माणूस किंवा यंत्र. मग मी वाद घालीन, हरेन, पण काय हरले ते मला कळेल.

ते उरलेलं त्रेचाळिसावं वाक्य मी बदललं नाही. उलट बाकीची बेचाळीसही परत होती तशी केली. चंदगडच्या बायका पुन्हा हाका मारायला लागल्या. अ‍ॅपवरची गोष्ट अजून तशीच आहे, फक्त मला दिसणारी.

त्या मुलीसाठी काय करावं, याला मला थोडे दिवस लागले. ट्वाइन नावाचं एक मोफत साधन आहे. क्रिस क्लिमास यांनी ते २००९ मध्ये केलं. त्यात अशी फाटे फुटणारी गोष्ट लिहिता येते आणि सगळी गोष्ट एकाच छोट्या फाइलमध्ये मावते. ती फाइल कुठल्याही फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते. अ‍ॅप लागत नाही, खातं लागत नाही, कुणी वर-खाली लावत नाही. दोन रात्री जागून मी अकराही वळणं त्यात बसवली आणि तिला फाइल पाठवली. निरोप पोचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. ताईनं वाचली का, ताई परत गेली का, तिचा फोन आता कुणाच्या हातात असतो, मला माहीत नाही. विचारायचं धाडसही होत नाही, कारण फोन भलत्याच माणसाच्या हातात असेल तर माझा एक प्रश्न तिला महागात पडेल.

हे करताना काय गमावलं तेही सांगायला हवं. फाइल आपोआप कुणाला सापडत नाही. अ‍ॅपवर हजारो अनोळखी लोक होते. फाइल एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तेवढीच. ज्या मुलीला कुणीच काही पाठवणार नाही, तिच्यापर्यंत ती जाणार नाही, आणि अशाच मुलीला तिची जास्त गरज आहे. म्हणून अ‍ॅपवरची जागा सोडून देऊन आपला आपला संसार थाटावा, हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. मी चौथी मेल लिहून ठेवली आहे. या खेपेला ती मराठीत आहे.

मागच्या महिन्यात मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत आपण ती गोष्ट भिंतीवर दाखवून सगळ्यांनी मिळून वाचली. प्रत्येक वळणावर हात वर करून मतदान. पहिल्या वळणावर बहुमत गप्प बसायच्या बाजूनं गेलं. "एकदम कसं विचारायचं, बरं दिसत नाही की," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि बरेचजण हसले. आपण सगळे त्या बसच्या मागच्या काचेपर्यंत पोचलो तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं. मग पहिल्या वर्षाच्या एका मुलानं विचारलं, "मागं जाता येतं का, ओ?"

येतं. आपण मागे गेलो, आणि दुसऱ्या खेपेला सातव्या वळणावर ते वाक्य भिंतीवर आलं, हातभर मोठ्या अक्षरांत.

फाइल मंडळाच्या पेनड्राइव्हवर ठेवली आहे. हवी त्यानं न्यावी, कुणाला द्यायची असेल तर द्यावी. मात्र कुणाच्या फोनवर ती जातेय आणि तो फोन कोण कोण बघतं, याचा आधी विचार करावा.